हातमोजा

तार्तूत जानेवारीत चारलाच अंधार पडतो.
हेल्वे कूसिक तेव्हा तिसऱ्या मजल्यावर
उबवणपेटीतली अंडी दिव्यासमोर धरून बघत असते.
कोंबडीची, सात दिवसांची. बदकाची, नऊ.
आत रक्ताची तांबडी मुळं पसरलेली
आणि एक काळा ठिपका. तो डोळा.

पाय सगळ्यांचे आधी सारखेच.
एक चपटं वल्हं.
बोटांच्या जागा ठरल्यात, बोटं सुटायचीत.
दाराशी खुंटीवर तिचा लोकरी हातमोजा आहे ना, तसं :
अंगठ्याला स्वतंत्र घर
आणि बाकी चौघं एकाच खोलीत.

मग मधल्या पेशी जायला निघतात.
त्यांना कुणी मारत नाही.
आतूनच निरोप येतो. त्या आक्रसतात,
शेजारणींच्या हातातले हात सोडवून घेतात,
आणि अंगावरचा कोट उलटा घालतात.
जन्मभर आत राहिलेलं अस्तर, आता बाहेर.

एवढीच खूण.
दुरून एक भक्षकपेशी वळते,
वास काढत, चाचपडत, नसलेल्या पायांनी.
वाटेतल्या प्रत्येकीला शिवून बघते.
आम्ही नाही गं, पुढे जा, म्हणतात जिवंत असलेल्या.
उलट्या कोटापाशी ती थांबते,
कडेकडेनं मिठी मारत नेते,
आणि तिला पोटात घालते,
जशी घरातल्या माणसाची चूक पोटात घालावी,
पुन्हा विषय न काढण्यासाठी.

ना सुतक, ना बोभाटा, ना ताप.
हेल्वेनं हे रात्रभर चित्रित केलंय,
मिनिटाला एक चौकट,
आणि सकाळी कॉफी पिताना वीस सेकंदांत पाहिलंय.
चोवीस वर्षं झाली. अजून ती कॉफी थंड होते.

बदकांच्या पायात मात्र हे आवरतं घेतलं जातं.
मधल्या पुष्कळ जणी राहतात.
खिडकीतून एमायोगी दिसते, गोठलेली,
पुलाखाली तेवढं पाणी उघडं,
तिथे बदकं न गेलेल्यांच्या जोरावर पोहतात.

उर्वे, धाकटी बहीण, व्होरूला असते.
नाकाच्या दोन्ही बाजूंना गाल लाल, कांजण्यांसारखे नाही,
कुणी पंख टेकवून उडून गेल्यासारखे.
जूनमध्ये सगळं गाव रात्री अकरापर्यंत उजेडात बसतं,
उर्वे जाड पडद्याआड.
डॉक्टरीण म्हणाली, हिच्या अंगातले मेलेले वेळेवर उचलले जात नसावेत.
पडून राहतात, फुटतात,
आतले धागेदोरे बाहेर सांडतात,
आणि पहारेकरी ते धागे बघून ओरडतात : परका! परका!
मग घर घरावरच धावून जातं.

म्हणजे माझ्याकडे केर काढणारी नाही?
उर्वेनं फोनवर विचारलं होतं.
आहे गं, हेल्वे म्हणाली. उशिरा येते.
उर्वे हसली. आपल्या आईसारखी, म्हणाली.
मग दोघी गप्प. फोन चालू.
हेल्वेला सांगायचं होतं, की तुझी सुद्धा बोटं
आईच्या पोटात अशीच सुटली,
तेव्हा कुणी उशीर केला नव्हता.
सांगितलं नाही. अशा गोष्टीचा औषधासारखा
उपयोग होत नाही, हे तिला माहीत आहे.

दर नाताळाला उर्वे एक जोडी विणून पाठवते.
या वेळी पाकीट जानेवारीत आलं.
उजवा पुरा, लाल-करडी नक्षी.
डाव्याचा अंगठा राहिलाय :
त्या जागेचे अकरा टाके
एका पांढऱ्या सुती दोऱ्यावर नुसते ओवून ठेवलेले.
सोबत चिठ्ठी : सांधे ऐकत नाहीत. तू कर पुरा.

हेल्वेला विणता येत नाही.
सहा वाजता ती दिवे मालवते, उबवणपेटीचा सोडून,
तोच हातमोजा चढवते आणि पुलावर येते.
उणे चौदा.
चार बोटं एका खोलीत, उबेत.
अंगठा दोऱ्याला आतून ढकलून बघतो.
दोरा धरून आहे.